डॉकबुक: निम्म्या पानांचं टायटल नुसतं 'अहवाल' येतंय, स्टाइलशीटमध्ये कुठे हात घालू?

ओळंबा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पतसंस्थांसाठीच्या एका सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल माझ्याकडे आहे. मजकूर डॉकबुक एक्सएमएलमध्ये (मॅन्युअलसाठीचा टॅगांचा फॉरमॅट), एचटीएमएल काढायला एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर आणि डॉकबुकच्या नेहमीच्या एक्सएसएल स्टाइलशीट्स, म्हणजे एक्सएमएलचं एचटीएमएल करायचे नियम. चंक करून पानं काढते, म्हणजे प्रत्येक सेक्शनची वेगळी फाइल.

प्रकरणं अशी: बचत ठेव, पिग्मी, मुदत ठेव, कर्ज, दिवसअखेर. प्रत्येकात सेक्शन जवळपास तेच: प्रस्तावना, नोंदणी, दुरुस्ती, अहवाल. पानावर वाचताना अडचण नाही, वर नेव्हिगेशनमध्ये प्रकरणाचं नाव दिसतं. पण ब्राउझरच्या टॅबवर नुसतं 'अहवाल'. शाखेतल्या लोकांनी चार पानं उघडली की चारही टॅब 'अहवाल'. बुकमार्क केलं तरी तेच. आमच्या सर्चमध्ये 'अहवाल' टाकलं की एकाखाली एक तोच शब्द, पिग्मीचा कुठला आणि कर्जाचा कुठला ते उघडून बघायचं.

मला टायटलमध्ये 'अहवाल – पिग्मी – वापरपुस्तिका' असं काहीतरी हवंय. पानावरचं मोठं हेडिंग मात्र 'अहवाल'च राहू दे. प्रत्येक सेक्शनचं नाव हाताने बदलायचं नाहीये. कस्टमायझेशन फाइल आहे (मूळ स्टाइलशीटवरचे आपले बदल लिहायची), त्यात चंक.एक्सएसएल इंपोर्ट केलंय आणि दोनचार पॅरामीटर. पुढे?

---

चहाबाज

सोपा उपाय: सेक्शन.ऑटोलेबल १ करा. डीफॉल्ट ० असतं म्हणून सेक्शनला नंबर येत नाही. त्याबरोबर सेक्शन.लेबल.इन्क्लूड्स.कंपोनंट.लेबल पण १ करा, नाहीतर नुसतं '४. अहवाल' येईल, प्रकरणाचा नंबर पुढे लागणार नाही. दोन्ही केलं की '२.४. अहवाल', '४.४. अहवाल'. टायटलं वेगळी झाली, काम संपलं.

---

कोनाडा

@चहाबाज, टायटलं वेगळी होतील, कळणार काय त्यातून? ४.४ म्हणजे कर्ज हे शाखेतल्या कॅशियरला कुठून ठाऊक? शिवाय उद्या मधे एक प्रकरण घुसलं की सगळे नंबर सरकणार आणि लोकांचे जुने बुकमार्क खोटं बोलायला लागणार.

ओळंबाताई, हेडिंग आणि टायटल वेगळं ठेवायचंय हे तुम्ही आधीच सांगितलंत ते बरं केलंत, कारण दोन्हींचा उगम स्टाइलशीटमध्ये एकच आहे. आधी ते बघू.

डॉकबुक.एक्सएसएल फाइलमध्ये 'हेड.कंटेंट' नावाचं टेम्पलेट आहे. एचटीएमएलच्या हेडमधलं बरंचसं तिथून येतं. ते आधी पानाच्या नोडवर (म्हणजे त्या सेक्शनच्या एलिमेंटवर) 'ऑब्जेक्ट.टायटल.मार्कअप.टेक्स्टओन्ली' हा मोड चालवतं. म्हणजे हेडिंगसाठी जे काही तयार होतं तेच घ्यायचं, त्यातले टॅग काढून टाकायचे आणि नॉर्मलाइझ-स्पेस करून साधा मजकूर उरवायचा. मग तो मजकूर 'यूझर.हेड.टायटल' या टेम्पलेटला देतं आणि ते टेम्पलेट टायटल एलिमेंट छापतं. नावातच 'यूझर' आहे, म्हणजे ते तुमच्यासाठीच ठेवलेलं आहे. हेडिंगच्या वाटेत हे टेम्पलेट कुठेही येत नाही. तिथेच हात घाला, बाकी कशाला लावू नका.

(नावं देवनागरीत लिहितोय. मूळ फाइलीत सगळी स्मॉल लेटरमध्ये, मधे टिंब, स्पेस नाही.)

---

सुपारीबाग

+१ कोनाडा. फक्त एक भर. खूप जुनी स्टाइलशीट असेल तर यूझर.हेड.टायटल त्यात नसेल. १.७९ मध्ये नक्की आहे. नसेल तर हेड.कंटेंट आख्खं कॉपी करावं लागतं आणि मग पुढच्या प्रत्येक अपग्रेडला ते जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा स्टाइलशीटच नवी घ्या.

---

चहाबाज

नंबरचा मुद्दा मान्य. पण मग लोकल.एल१०एन.एक्सएमएल (भाषेनुसार शब्द बदलायचा पॅरामीटर) का नको? जेनटेक्स्टमध्ये, म्हणजे स्टाइलशीट आपणहून घालते त्या मजकुरात, टायटलचे साचे असतात, टक्का एन म्हणजे नंबर, टक्का टी म्हणजे नाव. तिथे बदल केला की झालं, एक्सएसएल लिहायचीच गरज नाही.

---

कोनाडा

तो साचा हेडिंगलाही लागतो आणि टायटललाही. ताईंना नेमकं तेच नकोय. शिवाय साच्यात टक्का टी म्हणजे त्या सेक्शनचंच नाव. आईबापाचं नाव मागायची सोय त्यात नाही.

साच्यांचा उपयोग दुसरीकडे आहे. ताई, प्रकरणांच्या पानांचं टायटल काय येतंय तुमच्याकडे? 'चॅप्टर ४. कर्ज' असं अर्धं इंग्रजी येत असेल तर मूळ बुक एलिमेंटवर भाषा लावलेली नाही. लँग ॲट्रिब्यूट 'एमआर' करा (डॉकबुक ५ असेल तर एक्सएमएल:लँग). भाषा नसली की स्टाइलशीट इंग्रजी धरते. मराठीची लोकेल फाइल सोबत येतेच. त्यातला शब्द पसंत नसेल तर लोकल.एल१०एन.एक्सएमएलमध्ये टायटल-नंबर्ड या काँटेक्स्टमधला चॅप्टरचा साचा 'प्रकरण टक्का एन : टक्का टी' असा करून टाका.

---

ओळंबा

अगदी! 'चॅप्टर ४. कर्ज' असंच येत होतं, मला वाटलं मराठी नसेलच त्यात. लँग लावलं, इंग्रजी गेलं. धन्यवाद.

आता यूझर.हेड.टायटल. मी असं लिहिलं: टेम्पलेट, त्यात नोड आणि टायटल हे दोन पॅरामीटर. टायटल एलिमेंटमध्ये आधी टायटल पॅरामीटर, मग डॅश, मग नोडच्या ॲन्सेस्टर (वरच्या) चॅप्टरवर टेक्स्टओन्ली मोड, परत डॅश, मग ॲन्सेस्टर बुकवर तेच. एरर काही येत नाही. पण पानात येतं: 'अहवाल –  – '. डॅशनंतर रिकामं. ॲन्सेस्टर सापडतच नाहीये. पाथ तर बरोबर आहे, डोळे फुटेस्तोवर बघितला.

---

दीपमाळ

स्टाइलशीट एनएस वाली, म्हणजे नेमस्पेसची (टॅगच्या नावाला जोडलेली ओळख), आहे की साधी?

---

ओळंबा

साधीच असावी. माझ्या एक्सएमएलमध्ये नेमस्पेस नाहीच. डॉकबुक ४.५ आहे, वर डॉकटाइप. स्टाइलशीट गिटहबवरून उतरवली, फोल्डरचं नाव डॉकबुक-एक्सएसएल-१.७९.२.

---

दीपमाळ

मग मिळालं. तुमचा पाथ बरोबर आहे, पण नेमस्पेसशिवाय लिहिलाय आणि स्टाइलशीट एनएस वाली आहे.

नावांचा गोंधळ असा. गिटहबवर 'डॉकबुक-एक्सएसएल-१.७९.२' या नावाने मिळते ती नेमस्पेसवाली. बिननेमस्पेसवाली तिथे 'डॉकबुक-एक्सएसएल-नॉन्स' नावाने वेगळी ठेवलीय. डेबियनच्या पॅकेजांत बरोबर उलटं: 'डॉकबुक-एक्सएसएल' म्हणजे बिननेमस्पेसवाली आणि 'डॉकबुक-एक्सएसएल-एनएस' म्हणजे नेमस्पेसवाली. एकच नाव, दोन दुकानांत दोन वेगळे माल.

खात्री करायची तर बिल्ड चालवताना टर्मिनलवर सुरुवातीला काय येतं ते वाचा. नेमस्पेसवाल्या स्टाइलशीटला जुनं डॉकबुक ४ दिलं की ती 'नोट: नेमस्प. ॲड : ॲडेड नेमस्पेस बिफोर प्रोसेसिंग' असं सांगते. बिननेमस्पेसवालीला डॉकबुक ५ दिलं की 'नेमस्प. कट : स्ट्रिप्ड नेमस्पेस' येतं. तुमच्याकडे 'ॲड' येत असणार. म्हणजे तुमच्या फाइलीत नेमस्पेस नसली तरी टेम्पलेटांपर्यंत मजकूर पोचायच्या आत ती चिकटवली जाते. तुम्ही विचारता 'चॅप्टर', झाडात आहे 'डी:चॅप्टर'. एक्सपाथला काही सापडलं नाही तर तो गप्प रिकामा संच देतो, म्हणून एरर पण नाही.

उपाय: कस्टमायझेशन फाइलच्या मुळाशी डी हा प्रीफिक्स डॉकबुकच्या नेमस्पेसला बांधा (डॉकबुक.ऑर्ग/एनएस/डॉकबुक, पुढे एचटीटीपी) आणि प्रत्येक नावाआधी 'डी:' लावा. ॲन्सेस्टर::डी:चॅप्टर, ॲन्सेस्टर::डी:बुक. किंवा नॉन्स वाली उतरवा आणि इंपोर्टचा पाथ बदला, मग आहे तेच चालेल. पुढेमागे डॉकबुक ५ वर जायचा विचार असेल तर पहिला मार्ग घ्या.

---

ओळंबा

'ॲड'च येतंय!! इतके दिवस ती ओळ डोळ्यांसमोरून सरकत होती. डी: लावलं, नावं आली. मला हवं होतं असं:

'अहवाल – पिग्मी – वापरपुस्तिका'

पण प्रकरणाचा नंबरही मधे येतो: 'अहवाल – प्रकरण २ : पिग्मी – वापरपुस्तिका'. तो नको. आणि प्रस्तावनेची पानं दिसतच नाहीत, ती कुठे गेली?

---

कोनाडा

नंबर: ऑब्जेक्ट.टायटल.मार्कअप नंबरासकट साचा भरून देतो. नुसतं नाव हवं तर 'टायटल.मार्कअप' मोड वापरा. फक्त तो टॅगांसकट मजकूर देऊ शकतो, आणि टायटलमध्ये टॅग चालत नाहीत. म्हणून आधी व्हेरिएबलमध्ये पकडा, मग व्हॅल्यू-ऑफ नॉर्मलाइझ-स्पेस. कॉपी-ऑफ नको.

प्रस्तावना: चंक.फर्स्ट.सेक्शन्स डीफॉल्ट ० असतं, म्हणजे प्रकरणातला पहिला सेक्शन प्रकरणाच्याच पानावर बसतो. वेगळं पान हवं तर १ करा. मी तरी नाही करणार, नाहीतर प्रकरणाच्या पानावर नुसती अनुक्रमणिका उरते.

आणि एक: मुखपृष्ठाच्या पानाला ॲन्सेस्टर बुक नसतो, ते स्वतःच बुक. डॅश नुसते छापले तर तिथे 'वापरपुस्तिका –  – ' येईल. प्रत्येक डॅश इफच्या आत घाला: ॲन्सेस्टर असेल तरच डॅश आणि नाव. परिशिष्टांसाठी ॲपेंडिक्सही धरा, म्हणजे ॲन्सेस्टर::*[सेल्फ::डी:चॅप्टर ऑर सेल्फ::डी:ॲपेंडिक्स], त्यातला पहिला.

---

पाटपाणी

इथे कुणी क्रमावर बोललंच नाही. 'अहवाल – पिग्मी – वापरपुस्तिका' की 'वापरपुस्तिका – पिग्मी – अहवाल'?

मॅन्युअल काढायची बाकीची साधनं बघा. डॉक्सिजन डीफॉल्टला प्रकल्पाचं नाव आधी देतं, मग पानाचं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या साइटवरही 'पोस्टग्रेएसक्यूएल: डॉक्युमेंटेशन: १७:' असं सगळं म्हणून झाल्यावर पानाचं नाव येतं. तिथला मजकूर डॉकबुकचाच आहे, पण तो पुढचा भाग साइट लावते. स्फिंक्स उलट करतं: आधी पान, मग डॅश, मग एचटीएमएल_टायटल.

माझं मत स्फिंक्सच्या बाजूने. टॅब अरुंद झाला की पहिली काही अक्षरंच उरतात. माझा एक सहकारी स्क्रीन रीडर वापरतो, एनव्हीडीए. पान उघडलं की आधी टायटल वाचलं जातं, आणि मधेच कुठे आहोत विसरलं तर एनव्हीडीए की अधिक टी दाबून तो परत ऐकतो. प्रत्येक वेळी उत्पादनाचं लांबलचक नाव ऐकून मग 'अहवाल'? वैतागतो माणूस. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजीमध्ये पानाला अर्थपूर्ण टायटल असणं हा २.४.२ क्रमांकाचा निकष आहे, आणि तो 'ए' पातळीचा, म्हणजे किमान अपेक्षा. 'अहवाल' नावाची ढीगभर पानं त्यात बसवणं अवघडच.

---

चहाबाज

सर्चवाले तसंही टायटल बदलतातच ना? गूगलने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलं की ते निकालात टायटलऐवजी पानावरचं हेडिंग वगैरे दाखवू शकतात. मग एवढी मरमर कशाला?

---

पाटपाणी

टायटल पांगळं असेल तेव्हा ते जास्त हात घालतात. आणि ताईंच्या केसमध्ये हेडिंग उचललं तर काय मिळणार? परत 'अहवाल'च. :) शिवाय हे मॅन्युअल शाखेच्या आतल्या सर्व्हरवर आहे असं दिसतंय, गूगलचा संबंध येतोय कुठे.

---

रानवाट

धाग्यावर नवीन आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्फिंक्स नाहीतर ॲसिडॉक्टरला का जात नाही? ॲसिडॉक्टरमध्ये दस्तऐवजाच्या वर 'टायटल' नावाचं ॲट्रिब्यूट दिलं की एचटीएमएलचं टायटल हेडिंगपासून वेगळं होतं, एका ओळीत.

---

सुपारीबाग

एका टायटलसाठी आख्खं मॅन्युअल नव्या फॉरमॅटला न्यायचं? जावाडॉकमध्येही विंडोटायटल आणि डॉकटायटल असे दोन वेगळे पर्याय फार आधीपासून आहेत, डिटामध्ये सर्चटायटल आहे. सगळीकडे सोय आहे, डॉकबुकमध्येही आहे, वर तीच चाललीय. ॲसिडॉक्टरचं ते ॲट्रिब्यूट लेखकाने हाताने द्यायचं असतं. ताईंना ते आपोआप जुळून यायला हवंय.

---

ओळंबा

@रानवाट, सूचनेबद्दल आभार, पण तेच. लिहिणारे चौघे वेगवेगळ्या गावांत आहेत, त्यांना आता कुठे डॉकबुक अंगवळणी पडलंय.

क्रम पाटपाणींचा घेतला. आता एक विचित्र प्रकार. पानं ब्राउझरमध्ये ठीक दिसतात, पण तपासायला फायलींत ग्रेप (शब्द शोधायची कमांड) करून 'अहवाल' शोधलं तर एकही सापडत नाही. फाइल उघडली तर टायटलमध्ये अँपरसँड, हॅश, २३०९, मग २३६१... अशी आकड्यांची माळ.

---

दीपमाळ

अ म्हणजे युनिकोडात दशमान २३०९, ह म्हणजे २३६१. अक्षरं शाबूत आहेत, फक्त आकड्यांत लिहिलीत. एचटीएमएलवाल्या चंकचं चंकर.आउटपुट.एन्कोडिंग डीफॉल्टला आयएसओ-८८५९-१ असतं. त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रोसेसर प्रत्येक अक्षराचा आकडा छापतो. ब्राउझर ते नीट दाखवतो, पण ग्रेप आणि बरीच साधी सर्च साधनं तिथे आंधळी होतात. तुमचा तो आतला सर्चही कदाचित त्यामुळेच अडखळत असेल. पॅरामीटर यूटीएफ-८ करा. फाइलीही बऱ्याच लहान होतील, एका अक्षरामागे सात बाइट जात होते, आता तीन जातील.

किंवा एचटीएमएलऐवजी एक्सएचटीएमएल फोल्डरमधलं चंक.एक्सएसएल इंपोर्ट करा, तिथे डीफॉल्टच यूटीएफ-८ आहे. पण तिकडे गेलात तर यूझर.हेड.टायटलमध्ये लिहिलेल्या टायटल एलिमेंटला एक्सएचटीएमएलची नेमस्पेस हवी. कस्टमायझेशन फाइलच्या मुळाशी एक्सएमएलएनएस घातलं नाही तर पानात टायटलला रिकामी नेमस्पेस चिकटून येते. साध्या ब्राउझरला चालतं, पण तेच पान ईपबमध्ये गेलं की रीडर टायटल ओळखत नाही.

---

ओळंबा

एचटीएमएलवरच राहिले, यूटीएफ-८ केलं. ग्रेप चालतंय आणि आमचा सर्चही एकदम शहाणा झाला! तो त्रास वेगळाच आहे असं समजून दुसऱ्या टीमच्या गळ्यात घातला होता.

---

कोनाडा

आता दुहेरी टायटलं उरलीत का ते बघा: सगळ्या एचटीएमएल फायलींतून टायटलच्या ओळी ग्रेपने काढा, सॉर्ट, मग युनिक मोजणीसकट, मग उलट सॉर्ट. वरच्या ओळींत १ पेक्षा मोठा आकडा असेल तर ते दुहेरी. हे बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवा.

ग्रेपमध्ये 'प्रकरण २' असं शोधाल आणि सापडणार नाही, तर घाबरू नका. मूळ साच्यांत नंबराच्या आजूबाजूला न तुटणारी स्पेस घातलेली असते आणि नॉर्मलाइझ-स्पेस तिला हात लावत नाही, एक्सएमएलच्या हिशेबात ती स्पेसच नाही.

---

चहाबाज

आकडेही देवनागरीत हवे असतील तर? टायटलवर ट्रान्सलेट मारून इंग्रजी 0 ते 9 च्या जागी देवनागरी ० ते ९?

---

दीपमाळ

ट्रान्सलेट सगळेच आकडे बदलेल. 'फॉर्म १५एच' मधला १५ पण. एरर कोडचं पान असेल तर त्या कोडचे आकडेही, आणि मग स्क्रीनवर दिसणारा कोड इंग्रजी आकड्यांत शोधणाऱ्याला ते पान मिळणार नाही. नंबरच बदलायचे तर लेबल्स.एक्सएसएलमधलं ऑटोलेबल.फॉरमॅट टेम्पलेट बघा. ते फॉरमॅटचं पहिलं अक्षर परत देतं. त्यात देवनागरी १ परत दिला तर एक्सएसएलटी १.० च्या नियमानुसार पुढची मोजणी त्याच लिपीत व्हायला हवी. युनिकोडात ज्याचं दशमान मूल्य १ आहे असा अंक त्यांना चालतो. आपल्या प्रोसेसरवर एकदा चालवून बघायचं. टायटलमधून नंबर काढलेच आहेत, तेव्हा हे फक्त हेडिंगसाठी.

---

ओळंबा

युनिकचा निकाल: एकच जोडी उरली. 'दुरुस्ती – कर्ज – वापरपुस्तिका' दोनदा. बघितलं तर कर्जाच्या प्रकरणात कुणीतरी 'दुरुस्ती' नावाचे दोन सेक्शन लिहिलेत, एक हप्त्याची दुरुस्ती आणि एक जामीनदाराची.

---

कोनाडा

त्याला स्टाइलशीट काय करणार. लेखकाला सांगा, 'हप्त्याची दुरुस्ती' आणि 'जामीनदार बदल' अशी नावं द्यायला. हेडिंगही सुधारेल.

---

ओळंबा

सांगितलं, बदललं. शेवटचा प्रश्न: पीडीएफपण काढतो, एफओपी या प्रोसेसरने. तिथे खिडकीवर फाइलचं नाव दिसतं. हेच टेम्पलेट तिथे चालेल?

---

सुपारीबाग

नाही, यूझर.हेड.टायटल एचटीएमएलपुरतंच आहे. एफओच्या (पीडीएफसाठीच्या) स्टाइलशीट वेगळ्या, त्यांची कस्टमायझेशन फाइलही वेगळी. तिथे एफओपी१.एक्स्टेंशन्स १ करा, पुस्तकाचं नाव पीडीएफच्या माहितीत जाईल. तरी खिडकीत फाइलचंच नाव दिसलं तर पीडीएफमधली 'डॉक्युमेंट टायटल दाखवा' ही सेटिंग वेगळी असते. त्यावर नवा धागा काढा, देवनागरी फाँटचे प्रश्न पाठोपाठ येणारच आहेत.